नवं काम सुरू करताना: पोस्टग्रेस की मारियाडीबी?

गेस्ट हाउस, होमस्टे, पतसंस्था, देवस्थानच्या पावत्या असली कामं गोव्यात आपल्यापैकी बरेच जण करतात. नवं काम हाती आलं की पहिल्या आठवड्यातच डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी सांभाळणारी प्रणाली, ठरवावा लागतो, आणि एकदा ठरला की पुढची कित्येक वर्षं बदलता येत नाही. माझ्याकडे पोस्टग्रेस आणि मारियाडीबी हे दोन्ही डेटाबेस चालू आहेत, दोन्हींवर गिऱ्हाइकांचे रोजचे व्यवहार आहेत. तेव्हा निवड करायला बसलेल्या माणसाला उपयोगी पडेल तेवढंच लिहितो.

वेगाची तुलना करत नाही. नाताळच्या आठवड्यातसुद्धा मोरजीच्या डझनभर खोल्यांच्या गेस्ट हाउसमध्ये दोघांपैकी एकालाही धाप लागत नाही. मायएसक्यूएलही वेगळी धरलेली नाही. २००९ साली मारियाडीबी तिच्यातून फुटली आणि आता दोघी बऱ्याच लांब गेल्या आहेत, पण माझा निर्णय ज्या गोष्टीवर झाला ती दोघींत सारखीच आहे. आणि गिऱ्हाइकाला फक्त वर्डप्रेसची वेबसाइट हवी असेल तर प्रश्नच उरत नाही. मारियाडीबी घ्या आणि पुढच्या कामाला लागा.

खरा विचार बुकिंगपासून सुरू होतो. एकाच खोलीची एकच रात्र दोघांना जाता कामा नये. एक बुकिंग फोनवरून, एक व्हॉट्सॲपवरून, एक ट्रॅव्हल पोर्टलवरून, आणि डिसेंबरात ही तिन्ही एकाच मिनिटात येतात. ॲपने आधी खोली रिकामी आहे का हे बघायचं आणि मग नोंद घालायची, हे पुरत नाही. त्या दोन पावलांच्या फटीत दुसरं बुकिंग घुसतं. हा नियम डेटाबेसनेच पाळायला हवा.

इथे मारियाडीबीचं कौतुक केलंच पाहिजे. २०२० च्या १०.५ आवृत्तीपासून टेबलात 'पीरियड' (कधीपासून कधीपर्यंत) जाहीर करायचा आणि युनिक कीमध्ये, म्हणजे तीच नोंद दुसऱ्यांदा येऊ न देणाऱ्या नियमात, खोली क्रमांकाशेजारी 'विदाउट ओव्हरलॅप्स' (कालावधी एकमेकांवर येता कामा नयेत) लिहायचं, की काम झालं. सुरुवातीची तारीख शेवटच्या तारखेच्या आधीच असली पाहिजे, हा नियम ती आपणहून लावते. पोस्टग्रेसमध्ये हे शब्द २०२५ च्या १८ व्या आवृत्तीत आले. त्याआधी, म्हणजे २०१० पासून एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट (दोन नोंदी एकमेकींना टक्कर देणार नाहीत असा नियम) आणि २०१२ पासून रेंजचे प्रकार (इथून तिथपर्यंत असा टप्पा एकाच कॉलममध्ये) होते, आणि काम होत होतं. पण 'बीट्री जिस्ट' हे एक्स्टेंशन (वेगळी जोडायची सोय) चढवा, मग 'एक्सक्लूड युजिंग जिस्ट'ची ओळ लिहा. नव्या मुलाला ते समजावताना अर्धी सकाळ जाते.

तरीही बुकिंगसाठी मी त्या जुन्या एक्सक्लूडकडेच वळतो. त्याला अट जोडता येते. रद्द झालेलं बुकिंग टेबलातून काढून चालत नाही. ॲडव्हान्स परत द्यायचा असतो, हिशेब दाखवायचा असतो. पण रद्द बुकिंगने खोली अडवून ठेवायची नाही. पोस्टग्रेसमध्ये 'रद्द नसलेलीच बुकिंग तपास' एवढी अट त्याच नियमाच्या शेवटी बसते. मारियाडीबीत युनिक कीला अशी अट घालता येत नाही. मग रद्द बुकिंग वेगळ्या टेबलात हलवा किंवा आणखी काही वळसा घ्या. जमतं, पण तो वळसा पुढे प्रत्येक रिपोर्टमध्ये घ्यावा लागतो.

याच सुविधेवरून पोस्टग्रेसवाले काम कसं करतात तेही दिसतं. ही 'विदाउट ओव्हरलॅप्स'ची सोय खरं म्हणजे १७ व्या आवृत्तीसाठी तयार होती, कोडमध्ये गेलीही होती. मे २०२४ मध्ये ती मागे घेतली. कारण काय, तर रिकामी रेंज. २४ डिसेंबरला आला आणि २४ डिसेंबरलाच गेला, अशी नोंद रेंजमध्ये घातली की ती रिकामी ठरते, कारण शेवटची तारीख तिच्यात धरलेली नसते. रिकामी रेंज कुणाशीच ओव्हरलॅप होत नाही, म्हणजे तशा कितीही नोंदी एकाच खोलीवर घाला, युनिक म्हणवणारी की त्या निमूट घेते. चर्चेत हे पुढे आल्यावर ठिगळ लावून सोय बाहेर सोडण्यापेक्षा त्यांनी एक वर्ष थांबणं पसंत केलं. १८ मध्ये ती रिकामी रेंज नाकारूनच आली. दुपारपुरती खोली देणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत, तेव्हा हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. जुन्या एक्सक्लूडवर राहणार असाल तर रेंज रिकामी नसावी असा चेक स्वतः लावा, तो आपणहून लागत नाही.

२०२२ मध्येही असंच झालं. एसक्यूएल-जेसनची (जेसन स्वरूपातला डेटा एसक्यूएलमधून हाताळण्याची) मोठी भर १५ व्या आवृत्तीतून ऐनवेळी काढली, आणि त्यातलं 'जेसन टेबल' २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत मिळालं. वाट बघणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येतो हे खरं, पण ज्याच्यावर दुसऱ्याचे पैसे ठेवायचे त्याच्याकडून मला हीच सवय हवी आहे. त्यांच्याकडून चुका होत नाहीत असं अजिबात नाही. १४ व्या आवृत्तीत 'कन्करंटली', म्हणजे टेबल वापरात असतानाच, बांधलेले इंडेक्स (शोध जलद करणाऱ्या याद्या) बिघडू शकत होते, त्यासाठी जून २०२२ मध्ये वेळापत्रकाबाहेर १४.४ काढावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ ने काही एक्स्टेंशनं अडखळली, तेव्हा आठवड्याभरात १७.२ आली. म्हणून किरकोळ आवृत्तीसुद्धा आली त्या दिवशी मी गिऱ्हाइकाकडे चढवत नाही, थोडे दिवस जाऊ देतो.

आता ज्या गोष्टीने माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो.

आपल्या धंद्यात टेबलांची रचना बदलायची वेळ ठरलेली असते. ऑक्टोबर ते मार्च कुणी हात लावू देत नाही, एप्रिल-मे मध्ये देशी पर्यटकांची गर्दी, चवथीत सगळं बंद. राहतात जून-जुलै. खोल्या रिकाम्या असतात, मालक निवांत असतो, म्हणून सगळी मोठी कामं पावसात होतात. आणि वीज जाते तीही पावसातच. पेडणे, सत्तरी, काणकोणच्या बाजूला तर एका सरीत दोनदा. तिकडे इंटरनेटची खात्री नसल्याने सर्व्हर गेस्ट हाउसच्या रिसेप्शनमागेच ठेवावा लागतो, आणि तिथला यूपीएस नावापुरताच असतो.

अशाच एका पावसात मारियाडीबीवर बदल चालू होता. ॲडव्हान्सची रक्कम बुकिंगच्या टेबलात एका कॉलममध्ये होती, ती हप्त्यांच्या नव्या टेबलात न्यायची होती. नवं टेबल तयार करायचं, जुन्या रकमा तिथे घालायच्या, बुकिंगच्या टेबलात करासाठी दोन कॉलम वाढवायचे, जुना कॉलम काढायचा. पहिला कॉलम वाढला आणि वीज गेली.

मशीन परत उठलं तेव्हा इनोडीबीने, म्हणजे मारियाडीबीच्या नोंदी साठवणाऱ्या भागाने, आपलं काम चोख केलं होतं, एक ओळही हरवली नव्हती. १०.६ पासून मारियाडीबीत प्रत्येक ऑल्टर (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा) आपल्यापुरता अखंड असतो, झाला तर पूर्ण, नाहीतर नाहीच. पण चार पावलांचं मिळून एक काम ती मानत नाही. 'स्टार्ट ट्रान्झॅक्शन' (इथून पुढचं सगळं मिळून एक काम धर) लिहिलं तरी पहिला क्रिएट (नवं टेबल बनवणारी आज्ञा) किंवा ऑल्टर आला की त्याआधीचं सगळं ती न विचारता कमिट, म्हणजे पक्कं, करून टाकते. साधी सूचनाही देत नाही. त्यामुळे रकमा नव्या टेबलात पक्क्या बसल्या होत्या, त्या जुन्या कॉलममध्येही होत्या, आणि करांच्या दोन कॉलमपैकी एक होता, एक नव्हता. जुनं ॲप ही रचना मानेना, नवंही मानेना. स्क्रिप्ट पुन्हा लावली असती तर रकमा दुसऱ्यांदा पडल्या असत्या. मग एकेक टेबल उघडून कुठलं पाऊल झालं, कुठलं राहिलं ते बघत बसायचं, मालक शेजारी उभा, आणि फोनवर कुणीतरी विचारतंय, "बाब, शनिवारची खोली आहे ना?"

पोस्टग्रेसमध्ये हीच पावलं 'बिगिन' आणि 'कमिट'च्या मध्ये लिहायची. टेबल बनवणं, कॉलम वाढवणं, काढणं, रकमा हलवणं, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये. मध्येच वीज गेली तर परत उठल्यावर त्याला लॉगमध्ये कमिटची नोंद सापडत नाही, आणि रचना होती तशी दिसते. तशी वेळही दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे आली. मशीन उठलं, जुनं ॲप जुन्या टेबलांवर सुरू झालं, रिसेप्शनवरच्या मुलीला काही कळलंही नाही. संध्याकाळी वीज स्थिर झाल्यावर तीच स्क्रिप्ट पुन्हा लावली.

याची किंमत आहे. ऑल्टर टेबल पोस्टग्रेसमध्ये टेबलावर कडक लॉक (कुलूप) घेतो आणि तो ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत सुटत नाही. एखादी लांबलचक क्वेरी आधीपासून चालू असेल तर ऑल्टर तिच्यामागे थांबतो आणि बाकी सगळे ऑल्टरच्या मागे. म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच 'लॉक टाइमआउट' (लॉकसाठी किती वेळ वाट बघायची) काही सेकंदांचा ठेवा. 'क्रिएट इंडेक्स कन्करंटली' मात्र ट्रान्झॅक्शनमध्ये चालत नाही, आणि मध्येच मोडला तर अवैध इंडेक्स मागे राहतो, तो हाताने काढावा लागतो. आपल्या आकाराच्या टेबलांना साधा इंडेक्सच बास, मी कन्करंटलीच्या वाटेला क्वचितच जातो.

मारियाडीबी जिथे खरोखर सरस वाटते ती गोष्ट म्हणजे जुन्या नोंदींचा इतिहास. २०१८ च्या १०.३ पासून टेबलाला 'सिस्टम व्हर्जनिंग' लावलं की प्रत्येक बदलाआधीची ओळ ती स्वतः जपते आणि 'गेल्या ३१ मार्चला ही नोंद काय होती' असं थेट विचारता येतं. ऑडिटर समोर बसला असताना याचं मोल कळतं. पोस्टग्रेसमध्ये हे अंगभूत नाही, ट्रिगर (नोंद बदलली की आपोआप चालणारा कोड) लिहून जमवावं लागतं. पतसंस्थेच्या कामात मला अजून याचा मोह होतो. फक्त बॅकअप नीट बघा: डम्पमध्ये (टेबलांची फाइलमध्ये काढलेली नक्कल) हा इतिहास आपणहून येत नाही, १०.११ पासून त्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. आणि फॉरेन कीच्या (दोन टेबलं जोडणाऱ्या दुव्याच्या) कॅस्केडने, म्हणजे मूळ ओळीबरोबर आपोआप, ओळी गेल्या तर त्यांच्यावरचे ट्रिगर मारियाडीबीत चालत नाहीत. हिशेब ट्रिगरवर टांगलेला असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

मोठ्या आवृत्तीवर जाणंही मारियाडीबीत सोपं आहे. पॅकेज बदला, अपग्रेडची आज्ञा द्या, चहा होईपर्यंत बहुतेक झालेलं असतं. पोस्टग्रेसमध्ये जुनी आणि नवी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून 'पीजी अपग्रेड' चालवावं लागतं, आणि १७ पर्यंत टेबलांची आकडेवारी (क्वेरी कशी चालवायची हे ठरवायला लागते ती) सोबत येत नसल्याने अपग्रेडनंतर 'ॲनालाइझ' (ती पुन्हा गोळा करणारी आज्ञा) होईपर्यंत सगळं जड चालायचं. १८ पासून बहुतेक आकडेवारी बरोबर येते. प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळली जाते, तेव्हा दरवर्षी हा उपद्व्याप करायची गरज नाही.

ऑपरेटिंग सिस्टम बदलताना मात्र सावध राहा. पोस्टग्रेस शब्दांचा क्रम बहुतेक वेळा सिस्टमच्या लायब्ररीकडून घेतो, आणि ग्लिबसी या लिनक्सवरच्या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत तो क्रम बदलला. १-१ आणि ११ यांची जागा उलटली. आपल्याकडचे घर क्रमांक आठवा, डॅश आणि तिरक्या रेघांनी भरलेले. क्रम बदलला की त्या कॉलमचा जुना इंडेक्स चुकीची उत्तरं देऊ लागतो, आणि रीइंडेक्स केल्याशिवाय, म्हणजे तो पुन्हा बांधल्याशिवाय, सुधारत नाही. ही एक गोष्ट पोस्टग्रेसच्या विरोधात मी मनापासून धरतो.

पोस्टग्रेसच्या व्हॅक्यूमची (जुन्या, निकामी ओळी साफ करण्याच्या कामाची) भीती घालणारे भेटतील. आपल्या कामात ऑटोव्हॅक्यूम पुरतो, फक्त कुणी ट्रान्झॅक्शन उघडून तसंच ठेवून जेवायला जाऊ नये. माणसं मिळण्याचा मुद्दा जास्त खरा आहे. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना पीएचपी आणि मायएसक्यूएल आधीपासून येतं, पोस्टग्रेस शिकवावं लागतं. काम दुसऱ्याच्या हाती द्यायचं असेल किंवा साध्या शेअर्ड होस्टिंगवरच ठेवायचं असेल तर मारियाडीबीकडे झुकणाऱ्याला मी अडवणार नाही. सर्व्हर चांगल्या डेटा सेंटरमध्ये असेल तर माझ्या पावसाळी अडचणीचं वजनही कमी होतं, पण संपत नाही: नेट तुटतं, स्क्रिप्टमध्ये चौथ्या ओळीवर एरर येतो, डिस्क भरते.

सर्व्हर गिऱ्हाइकाच्या रिसेप्शनमागे राहणार असेल आणि टेबलं दर पावसाळ्यात बदलणार असतील, तर माझ्या मते पोस्टग्रेस घ्यावं, आणि आज सुरू करत असाल तर १८ च. माझ्या शब्दावर जाऊ नका. दोन्ही आपल्या लॅपटॉपवर चढवा, चार ऑल्टरची एक स्क्रिप्ट लिहा, तिसऱ्यानंतर पॉवरचं बटण दाबून धरा, आणि मशीन उठल्यावर दोन्हीकडची टेबलं उघडून बघा.