वसईची जुनी चर्च: किल्ल्यातली पडकी बघायची की गावातली चालू?

दादरहून सकाळची विरार लोकल पकडून अर्धा दिवस वसईत घालवायचा असेल तर किल्ला आणि गावं दोन्ही एकाच फेरीत उरकायला जाऊ नका. मी पहिल्यांदा तेच केलं आणि धड काहीच बघून झालं नाही. नंतर पाच-सहा वेळा गेलो, कधी नुसता किल्ला, कधी नुसती गावं, त्यामुळे आता मत बनलंय, ते सांगतो. (मुंबईतच हवं असेल तर अंधेरीला सीप्झ या औद्योगिक वसाहतीत १५७९ चं सेंट जॉन चर्च आहे, पण ते कंपाउंडच्या आत, मनात आलं आणि गेलो असं होत नाही, म्हणून ते बाजूला ठेवतो.)

आधी पोर्तुगीजांच्या काळातला किल्ला. भव्यता बघायची तर इथेच, यात वाद नाही. जेजुइटांच्या (हा कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) चर्चचा दर्शनी भाग, दाराच्या दोन्ही बाजूंचे ते कोरीव खांब, १६०१ साली पुन्हा बांधलेल्या सेंट जोसेफचा उंच मनोरा, आणि छप्पर गेल्यामुळे आत थेट पडणारं सकाळचं ऊन. वसईचा गोन्सालो गार्सिया याच जेजुइटांकडे शिकला, १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत झाला, हे डोक्यात ठेवून त्या दारातून आत गेलं की वेगळंच वाटतं.

माझं सगळ्यात आवडतं मात्र फ्रान्सिस्कनांचं, म्हणजे दुसऱ्या एका कॅथलिक संघाचं, सेंट अँथनी, कारण तिथे जमिनीवरच थडग्यांचे दगड आहेत. गुडघ्यावर बसून धूळ हाताने पुसली की अक्षरं वर येतात, यू च्या जागी व्ही कोरलेला, 'सेपुल्तुरा' म्हणजे थडगं हा शब्द तर पोर्तुगीज न येणाऱ्यालाही लागतो, एखाद्या दगडावर घराण्याचं चिन्हही दिसतं.

आणि इथेच माझं बिनसलं. एका रविवारी मी असाच एक दगड वाचत बसलो होतो आणि प्रीवेडिंगवाली टीम आली, रिफ्लेक्टर, स्पीकर, रंगीत धुराच्या कांड्या, कपडे बदलायचा तंबूसुद्धा. फोटोग्राफर मला म्हणाला, "दादा, फ्रेममध्ये येताय, जरा सरका ना." सरकलो. पाच मिनिटांत ती मुलगी टोकदार हिल्स घालून त्याच दगडावर उभी, अक्षरांवर जळकी कांडी पडलेली. मी म्हटलं, अहो हे कुणाचं तरी थडगं आहे, तर तो म्हणे, "इथे सगळेच करतात." त्या जोडप्यावर राग नाही, त्यांना कुणी सांगितलंच नसणार. पण नंतर दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा कुणी ना कुणी शूटिंग करत होतंच. तुम्हाला कदाचित रिकामा किल्ला मिळेल, मधल्या वारी बहुतेक मिळत असेलही, मला सुट्टी रविवारचीच असते.

आता गावातली. पापडी, रमेदी, सांडोर, निर्मळ, नंदाखाल. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज किल्ला सोडून गेले, पण गावातली माणसं कुठे जाणार, ती राहिली आणि त्यांच्याबरोबर चर्चही राहिली. वसईकडच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या, नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटा त्यातलीच, तिच्यावर १७२१ साल आहे. किल्ल्यातला मनोरा तेव्हापासून मुका आहे, गावात मात्र घंटा रोज वाजते.

इथला त्रास म्हणजे कुलूप. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपली की थोड्या वेळात दार बंद. एकदा अकरा वाजता पोचलो तर लागोपाठ दोन चर्च बंद, उन्हात पायरीवर बसून परत आलो. शिवाय डागडुजी इतक्यांदा झालीय की जुनं कुठलं आणि नवं कुठलं ते शोधावं लागतं, फरशीच्या जागी चकचकीत टाइल्स बघून मलाही वाईट वाटतं. पण कुलपावर उपाय आहे, मिस्साच्या वेळेलाच जायचं. मी मागच्या बाकावर बसलो, मराठी गाणी चाललेली, पुढच्या बाकांवर लाल लुगड्यातल्या, इथल्याच सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या आज्या. संपल्यावर त्यातल्याच एकीने विचारलं, "कुठून आलास रे बाळा?" वेदी जवळून बघायचीय म्हटल्यावर त्यांनी चर्च सांभाळणाऱ्या काकांना हाक मारली, त्यांनी बाजूचे दिवे लावले आणि तेव्हा मला लाकडी खांबावरची द्राक्षांची वेल दिसली, खाचांत सोनेरी वर्ख अजून टिकलेला, हाताला लागतो त्या उंचीवर मात्र पुसून खालचं लाकूड उघडं पडलेलं. किल्ल्यात हे मिळणार नाही, तिथलं लाकूड केव्हाच गेलंय.

दगड, कमानी, मोकळे फोटो हवे असतील तर किल्ला चांगलाच आहे, नको म्हणणार नाही. पण मला विचाराल तर यावेळी गावात जा. पापडी-रमेदीसाठी वसई रोडला उतरा, निर्मळसाठी नालासोपारा, नंदाखालसाठी विरार, सगळीकडे पश्चिमेला. मिस्साची वेळ आदल्या दिवशी फोन करून विचारा, आणि रिक्षावाल्याला नुसतं चर्च म्हणू नका, गावाचं नाव सांगा, नाहीतर तो थेट किल्ल्यातच नेऊन सोडतो.