तळाशी जिग ओढण्यासाठी घेतलेला महागडा रॉड: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, बांधीतला धान निसवत असताना, मी 7 फूट 2 इंच लांबीचा, मीडियम हेवी ताकदीचा आणि फास्ट अॅक्शनचा, गळाने मासे धरण्याचा एक जपानी कास्टिंग रॉड मागवला. हातात पडेपर्यंत त्याला 42,000 रुपये लागले. शिक्षकाच्या पगारात ही रक्कम लहान नाही, म्हणून निर्णयाआधी जवळजवळ वर्षभर मी वाचत होतो आणि दोन मित्रांचे रॉड मागून वापरून पाहत होतो. त्यानंतर जूनच्या पहिल्या पावसापर्यंत आठवड्यातून किमान दोनदा तो पाण्यावर नेला. हा सगळा वापर अर्जुनी मोरगाव तालुक्यातला आहे: आमच्या गावचा मालगुजारी तलाव, लगतच्या दोन बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि गाढवी नदीचे काही डोह. तलावाचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे, त्यामुळे संस्थेची परवानगी आधी घेतली होती; ज्यांना हा छंद करायचा आहे त्यांनीही तेथूनच सुरुवात करावी.

कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मी येथे देत नाही, कारण मॉडेल दर दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि आपल्याकडे विक्रेत्याजवळ नेमके तेच मिळेल असे नसते. मोजमापे मात्र सगळीकडे चालतात. मुठीच्या अगदी वर रॉडवर जे छापलेले असते ते नीट वाचावे. माझ्या रॉडवर आमिषाचे वजन 3/8 ते 1 औंस, म्हणजे साधारण 10.5 ते 28 ग्रॅम, आणि दोरीची ताकद 12 ते 20 पौंड असे लिहिले आहे. रॉडचे स्वतःचे वजन 118 ग्रॅम. याआधी मी 2,800 रुपयांचा, काचतंतू आणि कार्बन मिसळलेला 210 ग्रॅमचा रॉड पाच वर्षे वापरत होतो आणि तो अजूनही चांगला आहे.

या जातीचे रॉड मुळात अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास या माशासाठी घडले. तो मासा आपल्या पाण्यात नाही. परंतु बास जसा पाणवनस्पती, बुडालेली लाकडे आणि दगडांच्या आडोशाला दबा धरून बसतो, तशीच आपली मरळही बसते, आणि म्हणून त्या माशासाठी तयार झालेली साधने मरळीला बऱ्याच अंशी लागू पडतात. जिग म्हणजे शिशाच्या किंवा टंगस्टनच्या डोक्यात बसवलेला गळ, त्याभोवती रबरी झालर, आणि गळाच्या टोकापुढे काडीकचऱ्यात अडकू नये म्हणून ताठ केसांचा झुबका. तो फेकून तळाला टेकू द्यायचा आणि मग इंचाइंचाने ओढायचा. बेडकाच्या आकाराचे आमिष पाण्यावरून सरकवताना मासा डोळ्यांना दिसतो. तळाच्या कामात डोळ्यांचा काही उपयोग नाही, जे कळायचे ते दोरीतून आणि रॉडमधून हातालाच कळते. रॉडवर जास्त पैसे घालण्याचे कारण केवळ एवढे एकच आहे. जे लोक मुख्यतः वरच्या थरात, बेडकासारखे किंवा धातूच्या चमच्यासारखे आमिष वापरून मासे धरतात, त्यांनी हा खर्च करू नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

आता ताकद आणि अॅक्शन या दोन गोष्टींविषयी, कारण विकत घेताना सर्वांत जास्त गोंधळ येथेच होतो. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते, आणि अॅक्शन म्हणजे तो कोठून वाकतो ते. फास्ट अॅक्शनचा रॉड वरच्या एक-तृतीयांश हिश्श्यात वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो. मरळीचा जबडा हाडाळ असतो, आणि जिगच्या गळाची तार जाड असते. ती तार त्या हाडाळ तोंडात रुतवायची तर झटका देताक्षणी रॉडचा ताठ भाग कामी आला पाहिजे. लवचीक रॉडमध्ये तुमच्या हाताचा अर्धा झटका रॉड वाकण्यातच संपून जातो. दुसरीकडे, टोकसुद्धा ताठ असलेला रॉड घेतला, तर 10 ग्रॅमचा जिग फेकताच येत नाही आणि माशाने आमिष तोंडात धरले की त्याला लगेच विरोध जाणवून तो ते थुंकतो. माझ्या मित्राकडे हेवी ताकदीचा, एक्स्ट्रा फास्ट रॉड आहे. शिंगाड्याच्या वेलींमधून मरळ खेचून काढायला तो उत्तम, पण उघड्या पाण्यात अर्ध्या औंसाच्या खाली त्याचा काही उपयोग होत नाही.

कार्बनच्या दर्जाबद्दल जाहिरातींत 24 टन, 30 टन, 40 टन असे आकडे येतात. हा आकडा मजबुतीचा नसून ताठरपणाचा आहे, ही गोष्ट मला फार उशिरा समजली. जास्त आकड्याच्या तंतूने तेवढाच ताठपणा कमी मालात साधतो, म्हणून रॉड हलका होतो आणि बारीक कंप हातापर्यंत कमी विरून पोहोचतो. मात्र तोच रॉड ठोकर सोसत नाही. त्याच्या पातळ भिंतीला दगडाची किंवा शिशाच्या डोक्याची एक टिचकी बसली तरी तेथे डोळ्यांना न दिसणारी चीर राहते आणि कधीतरी, भलत्याच वेळी, रॉड तेथूनच मोडतो. माझा अद्याप मोडलेला नाही, आणि त्याचे श्रेय मी दोन सवयींना देतो: जिग कधीही मोकळा लोंबकळत ठेवत नाही, आणि मासा जवळ आल्यावर रॉड उभा करून त्याला पाण्याबाहेर उचलत नाही, खाली वाकून जाळीत घेतो.

पहिल्या महिन्यात मला फारसा फरक वाटला नाही, हे प्रांजळपणे नोंदवतो. कास्टिंग रिळाची सवय नसल्याने निम्मी संध्याकाळ गुंता सोडवण्यात जाई. शिवाय मी जुनी नायलॉनची तंगूस चढवली होती, आणि ती ताणली जाते, त्यामुळे रॉड जे सांगू शकत होता ते दोरीतच अडत होते. नोव्हेंबरमध्ये विणलेली दोरी आणि पुढे दीड मीटर 16 पौंडाचा फ्लुओरोकार्बन लीडर, म्हणजे दोरी आणि जिग यांच्यामधला तुकडा, बांधला, तेव्हा चित्र पालटले. विणलेली दोरी जवळजवळ ताणली जात नाही, पण तिची घनता पाण्यापेक्षा थोडी कमी असल्याने ती तरंगते; फ्लुओरोकार्बनची घनता 1.78 आहे, तो बुडतो आणि घासही सोसतो. दोन्ही एकत्र असले की जिग तळाला राहतो आणि खबर वर येते. त्याच सुमारास शिशाऐवजी टंगस्टनचे डोके वापरून पाहिले. टंगस्टनची घनता 19.3, शिशाची 11.3, त्यामुळे तेवढ्याच वजनाचे डोके आकाराने लहान आणि कठीण असते, आणि दगडाला लागले की शिशासारखे मऊ न वाजता टणक वाजते. 42,000 रुपयांच्या रॉडला दीड हजाराची दोरी लागते, हे विक्रेत्याने सांगितले असते तर माझा एक महिना वाचला असता.

डिसेंबरमध्ये थंडी वाढली आणि मरळ वरच्या बेडकाला येईनाशी झाली. ती हवेतून श्वास घेणारी असल्याने अधूनमधून पाण्यावर येऊन तोंड उघडून जातेच, पण खाण्यासाठी हलत नव्हती. या काळात तुडुमाच्या, म्हणजे तलावाचे पाणी सोडण्याच्या दाराच्या, अलीकडे, जेथे पाणी सर्वांत खोल आहे, तळाशी हळू ओढलेल्या जिगने मला जेवढे मासे दिले तेवढे मागच्या पाच हिवाळ्यांत मिळून मिळाले नव्हते. चावा कसा जाणवतो ते लिहून सांगणे अवघड आहे. कधी दोनदा टक् टक् होते. पण अनेकदा काहीच होत नाही, फक्त जिगचे वजन नाहीसे होते किंवा ओल्या फडक्यासारखी जडशी ओढ लागते. जुन्या रॉडवर हे चावे मी गवत समजून सोडून दिले असणार.

संस्थेतले एक वयस्क ढिवर काका एका सकाळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्याकडे रॉड नाही, कधी नव्हता. ते तंगूस बाटलीला गुंडाळून ठेवतात आणि फेकल्यावर ती तर्जनीच्या पहिल्या पेरावर आडवी धरतात. त्या पेरावर दोरीने घासून घासून एक पांढरी रेघ पडलेली आहे. त्यांनी माझा रॉड हातात घेतला, जिग चार-पाच वेळा ओढला आणि म्हणाले, “गुरुजी, मले बोटावर जे समजते तेच हे काठी दुरून सांगून रायली.” पुढे त्यांनी मला रिळाच्या पुढे दोरी बोटाखाली घ्यायला शिकवले. तेव्हापासून मी डाव्या हाताची तर्जनी दोरीखाली ठेवूनच ओढतो, आणि रॉड व बोट यांची खबर एकमेकांशी पडताळून पाहतो.

मे महिन्यात तलावाचे पाणी धानाला सुटले आणि पाळीपासून जवळजवळ 60 पावलांपर्यंतचा तळ उघडा पडला. मी वही घेऊन त्या तळावरून चाललो. हिवाळाभर रॉडने जे सांगितले होते ते मी वहीत पाळीवरच्या झाडांच्या खुणेने मांडून ठेवले होते: कडूनिंबासमोर मऊ गाळ, त्याच्या पुढे कडक पट्टा, मोहाच्या रेषेत लाकूड, सलंगाकडे (जादा पाणी वाहून जाते त्या सांडव्याकडे) दगड. गाळ गाळच होता. मोहाच्या रेषेत पळसाचे दोन जुने बुंधे निघाले, आणि एकात माझेच डिसेंबरमध्ये तुटलेले दोन जिग रुतलेले होते. सलंगाकडचे दगडही नेमके तेथेच. चूक एका ठिकाणी झाली. ज्या कडक पट्ट्याला मी मुरूम म्हणत होतो, तो शिंपल्यांचा थर होता. पायाखाली करकर वाजत होता. आता आठवल्यावर लक्षात येते की मुरमावर जिग खरखरत सलग सरकतो आणि शिंपल्यांवर अडखळत, बारीक बारीक टिचक्या देत सरकतो. तो फरक रॉडने दाखवला होता. मलाच तो वाचता आला नव्हता. त्या थराच्या कडेलाच मला सर्वाधिक मासे लागले होते.

दोषही सांगायला हवेत. पहिला दोष लांबीचा, आणि तो रॉडचा नसून माझ्या निवडीचा आहे. उंच पाळीवरून लांब फेकायला आणि झटक्यात सैल दोरी खेचून घ्यायला 7 फूट 2 इंच योग्यच आहेत, परंतु बोडीच्या काठाला बेशरमाची झुडपे दाट असतात आणि तेथे मागे हात न्यायलाही जागा नसते. केवळ बोड्यांवर जाणाऱ्याने 6 फूट 8 इंच ते 6 फूट 10 इंच पाहावा. दुसरे म्हणजे हा रॉड मुठीपाशी जोडला जाणारा आहे. वरचा तुकडा सहा फुटांहून लांब उरतो. मोटारसायकलवर त्यासाठी मी पीव्हीसी पाइप कापून आत फोम भरला आहे. ज्यांना एसटीने जावे लागते त्यांनी मधोमध दोन तुकडे होणाराच रॉड घ्यावा. आता चांगल्या प्रतीच्या जोडाने संवेदना कमी होते असे मला तरी मित्राच्या रॉडवर जाणवले नाही.

तिसरा दोष खरा तक्रारीचा आहे. फेब्रुवारीत टोकाकडून तिसऱ्या गाइडच्या, म्हणजे दोरी ज्यातून जाते त्या वळ्याच्या, आतली सिरॅमिकची कडी टवकली. विणलेली दोरी वारंवार त्याच जागी खरवडून तुटू लागली आणि दोन चांगले मासे गेल्यावर मला कारण सापडले. विक्रेत्याने हमीपत्रावर शिक्काच मारलेला नव्हता, त्यामुळे त्याने हात वर केले. तीन पत्रे लिहूनही उत्तर आले नाही. एवढी किंमत घेणाऱ्या माणसाने असे वागावे याचे मला मनापासून वाईट वाटले. शेवटी नागपूरच्या एका कारागिराने 900 रुपयांत गाइड काढून नवा बसवला, धागा गुंडाळून लेपही दिला. खरेदी करताना पेटी दुकानातच उघडावी, शिक्का मारून घ्यावा, आणि कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवून पाहावा. कडीला बारीक चीर असली तरी कापसाचे तंतू तेथे अडकतात.

विजेविषयी स्वतंत्रपणे लिहिणे मला आवश्यक वाटते. कार्बन विजेचा वाहक आहे. आमच्याकडे बांध्यांवरून 11 केव्हीच्या तारा लोंबत गेलेल्या असतात, आणि सात फुटांचा रॉड खांद्यावर उभा धरून त्यांच्याखालून जाणे जीवावर बेतू शकते. तारांखालून जाताना रॉड आडवा, जमिनीलगत धरावा. मृगाच्या तोंडावर आभाळ गडगडू लागले की मासा लागलेला असला तरी दोरी कापून, रॉड तेथेच खाली ठेवून पाळीवरून उतरावे. आपल्या भागात दर पावसाळ्यात वीज पडून शेतात माणसे दगावतात, त्यामुळे ही सूचना कोणी हलकी घेऊ नये.

समतोलाबद्दल एकच सांगतो. दुकानात रॉड नुसता हातात घेऊन पाहण्यात अर्थ नाही. आपलेच रीळ लावून, रिळाच्या थोडे पुढे बोटावर तोलून पाहावा. टोक खाली झुकत असेल तर दोन तासांनी मनगट दुखते, आणि दुखऱ्या मनगटाला बारीक चावा कळत नाही. माझे रीळ 195 ग्रॅमचे आहे आणि या रॉडवर ते नेमके बसते. त्याआधी लावलेल्या 240 ग्रॅमच्या रिळाने मूठ जड होऊन टोक उचलले जाई आणि जिग नकळत तळावरून सुटत असे.

सध्या जुलै आहे. मरळीची तांबूस पिले थव्याने पाण्यावर दिसू लागली आहेत आणि त्यांच्याखाली नर-मादी राखण करत आहेत, म्हणून ऑक्टोबरपर्यंत रॉड बंद आहे. मूठ कोमट पाण्याने धुऊन, कड्या पुसून, दोरी सैल करून तो माजघरात दोन खुंट्यांवर आडवा ठेवला आहे. पाणी पुन्हा भरले की त्या शिंपल्यांच्या थराच्या दोन्ही कडा, मोहाच्या रेषेपासून सलंगापर्यंत, 1/2 औंसाच्या टंगस्टन जिगने पहिल्यांदा तपासणार आहे.