माघारीची तारीख की माघारीच्या अटी?

अमेरिकेने परदेशातील सैन्य ठरावीक तारखेला परत आणावे की ठरावीक अटी पूर्ण झाल्यावर, यांपैकी कोणती बाजू मांडावी, असा पेच वादविवादाची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीला पडला आहे. प्रचारातील घोषणा बाजूला ठेवून दोन्ही पर्याय एकाच मापाने मोजायला हवेत.

मतदारांना उत्तर देण्याच्या दृष्टीने तारीख सरस ठरते, कारण ती पाळली की मोडली हे कोणालाही दिसते. अमेरिका आणि इराक यांच्यातील २००८च्या करारात ठरल्याप्रमाणे डिसेंबर २०११मध्ये अमेरिकी सैन्याचा अखेरचा ताफा इराकमधून कुवेतमध्ये गेला. याउलट ट्रम्प यांनी ऑगस्ट २०१७मध्ये अफगाणिस्तानसाठी परिस्थितीनुसार निर्णयाचे धोरण जाहीर केले. पण अटी पूर्ण झाल्या हे ठरवणार कोण, हा प्रश्न उरलाच, आणि अशा संदिग्धतेत युद्ध वर्षानुवर्षे रेंगाळते.

शत्रूच्या बाबतीत मात्र पारडे फिरते, कारण तारीख कळली की त्याला केवळ वाट पाहायची असते.

अमेरिकी सैन्यासोबत काम केलेल्या स्थानिक सहकाऱ्यांचा मुद्दा मला सर्वांत जिव्हारी लागतो. ऑगस्ट २०२१मध्ये अफगाणिस्तानातून माघार घेतली जात असताना काबूल विमानतळाच्या भिंतीलगतच्या सांडपाण्याच्या कालव्यात गुडघाभर पाण्यात उभी राहून माणसे कागदपत्रे उंचावत होती. त्यांचे व्हिसा आधी मार्गी लावणे शक्य होते.

ज्या मोहिमेचे उद्दिष्ट साधले आहे किंवा साधणे अशक्य आहे, तिथे तारीखच योग्य. जिथे स्थानिक सैन्य उभे राहत आहे आणि प्रगती मोजता येते, तिथे अटी, मात्र त्या अमेरिकी संसदेसमोर लेखी मांडलेल्या असाव्यात.