चिपळूणचे कागदपत्र सेवा कार्यालय: दाखल्यांसाठी जावे, वर्क परमिटसाठी नव्हे

चिपळूणच्या बाजारपेठेत, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे कार्यालय आहे. त्याच्या पाटीवर ‘आखाती देशांचे अटेस्टेशन, जन्माचे दाखले, अपोस्टील, ग्रीन कार्ड व वर्क परमिटची सर्व कामे’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले आहे. अटेस्टेशन आणि अपोस्टील म्हणजे आपले कागद परदेशात ग्राह्य धरले जावेत म्हणून त्यांवर घ्यायचे अधिकृत शिक्के. पाटीचा पूर्वार्ध पूर्ण खरा आहे. उत्तरार्धावर विसंबून मात्र कोणी जिना चढू नये, असे माझे दोन महिन्यांच्या अनुभवानंतरचे मत झाले आहे. ज्यांची मुले अमेरिकेत ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत आणि ज्यांच्यावर गावाकडून कागद जमवून पाठवण्याची जबाबदारी पडली आहे, त्यांच्यासाठी हे जरा सविस्तर लिहीत आहे.

आमचे बिऱ्हाड गुहागर तालुक्यात. मुलगा आणि सून अमेरिकेत. तेथे नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात आणि एका देशाच्या वाट्याला त्यांतील ७ टक्क्यांची मर्यादा असते, त्यामुळे भारतीयांची रांग अनेक वर्षांची झाली आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये रांगेत बरेच मागे असलेल्यांचेही अर्ज एकदम स्वीकारले जाऊ लागले, तेव्हा या दोघांनी आय-४८५ हा ग्रीन कार्डचा मुख्य अर्ज भरला आणि तेव्हापासून ते वाट पाहत आहेत. मधल्या काळातला संसार चालतो तो आय-७६५ या अर्जावर मिळणाऱ्या वर्क परमिटच्या कार्डावर. मालकाला ओळख आणि कामाची परवानगी दाखवण्यासाठी हे एकच कार्ड पुरते, आणि अनेक राज्यांत गाडी चालवण्याच्या परवान्याची मुदतही अशाच कागदांच्या मुदतीला बांधलेली असते. सुनेचे कार्ड ऑगस्ट २०२५ मध्ये संपले, परंतु नूतनीकरणाचा अर्ज मे महिन्यातच गेलेला असल्याने तिला ५४० दिवसांची आपोआप मुदतवाढ मिळाली. मुदत संपलेले कार्ड आणि अर्जाची पोच अशी जोडी पर्समध्ये घेऊन ती गेले काही महिने वावरते आहे, आणि प्रत्येक खिडकीवर ही जोडी चालते हे तिलाच समजावून सांगावे लागते.

अशातच नोव्हेंबरमध्ये मुख्य अर्जावर नोटीस आली, की सुनेच्या जन्माचा पुरावा अपुरा आहे, अधिक पुरावा पाठवावा. उत्तराला ८४ दिवस. तिचा जन्म १९८७ सालचा, राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, घरीच, सुईणीच्या हातून झालेला. ग्रामपंचायतीत नोंद नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा असला तरी आपल्याकडे घरी झालेल्या कित्येक जन्मांची नोंद पुढे बरीच वर्षे राहून जात असे, हे कोकणात कोणाला वेगळे सांगायला नको.

या कार्यालयाचे खरे कौशल्य आम्हाला येथे दिसले. आमच्या मनात आता नव्याने नोंद करून घ्यावी असे होते. कार्यालयाच्या चालकांनी त्यापासून आम्हाला परावृत्त केले. इतक्या जुन्या जन्माची नोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने आजही होते, पण अडतीस वर्षांनी केलेल्या नोंदीकडे तिकडचा अधिकारी संशयानेच पाहतो आणि शेवटी इतर पुरावे मागतोच, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाच्या वकिलांनीही पुढे तेच सांगितले. त्यापेक्षा नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला, म्हणजे नमुना क्रमांक १०, घ्यावा आणि त्याला शाळा सोडल्याचा दाखला व वडीलधाऱ्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत, हा मार्ग त्यांनी सुचवला.

ग्रामसेवकांकडे तीन गावांचा कार्यभार, त्यामुळे ते आठवड्यातून दोनदाच भेटत. त्यांनी दिलेल्या पहिल्या कागदावर ‘नोंद आढळून येत नाही’ एवढेच वाक्य होते. आम्ही तो घेऊन समाधानाने एसटीत बसलो असतो. परंतु कार्यालयाच्या चालकांनी फोनवर फोटो पाहताच तो परत करायला लावला. कोणाची नोंद, आईवडील कोण, जन्म कोठला, कोणत्या वर्षांची पुस्तके तपासली, हे लिहिलेले नसेल तर त्या कागदावरून काहीच सिद्ध होत नाही, असे त्यांनी सांगितले. दुसरा दाखला पूर्ण तपशिलासह मिळाला. या एका खेपेमुळे आमचा आठवडा गेला, पण ८४ दिवसांतला तो सर्वांत सत्कारणी लागलेला आठवडा होता.

प्रतिज्ञापत्रांच्या बाबतीत त्यांची चिकित्सा मला विशेष आवडली. सुनेचे आईवडील हयात नाहीत. आम्ही तिच्या धाकट्या काकांचे नाव पुढे केले, तर त्यांचे त्या वेळचे वय विचारण्यात आले. ते चार वर्षांचे होते. चार वर्षांच्या मुलाला कोणाच्या जन्माची प्रत्यक्ष माहिती असल्याचे कोण मानणार? मग तिच्या मोठ्या मामांना बोलावले. ते तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि सुईणीला आणायला रात्री तेच गेले होते. ही गोष्ट त्यांच्याच शब्दांत प्रतिज्ञापत्रात उतरली. एरवी अशा कागदांवर ‘मी सदर व्यक्तीस चांगले ओळखतो’ हे छापील वाक्य असते आणि त्यावरच सगळे भागवले जाते.

खरी अडचण तारखेची निघाली. शाळेच्या दाखल्यावर आणि पासपोर्टवर तिची जन्मतारीख १ जून आहे. मामांना मात्र श्रावण लागला होता, एवढे पक्के आठवते. मी स्वतः प्राथमिक शाळेत एकतीस वर्षे नोकरी केली आहे, त्यामुळे ही १ जून कोठून येते हे मला चांगले ठाऊक आहे. पहिलीत नाव घालताना पालकांना तारीख सांगता आली नाही की गुरुजी किंवा बाई ती लावून मोकळे होत, आणि त्यांत मीही होते. आमच्या यजमानांचे म्हणणे, मामांनी १ जूनच लिहून द्यावी, उगाच घोळ नको. चालकांनी तसे लिहिण्यास स्वच्छ नकार दिला. मामांना जे ठाऊक आहे तेच शपथेवर लिहिले जाईल, शाळेतली तारीख कशी आली याचा स्वतंत्र खुलासा करावा आणि तो कसा मांडायचा हे वकील ठरवतील, असे ते म्हणाले. पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाला असे ऐकवणारा माणूस या व्यवसायात विरळाच.

आता दोष सांगते. या कार्यालयाचा बहुतांश धंदा आखाती देशांचा आहे. घरटी एक माणूस आखातात असलेली गावे आपल्याकडे कमी नाहीत, आणि तिकडच्या कामांत कागदाचे वजन शिक्क्यांवर ठरते. अमिराती तर अपोस्टीलच्या करारातही नाहीत, त्यामुळे तेथे वकिलातीचा शिक्का लागतोच. तीच सवय त्यांनी अमेरिकेच्या कामालाही लावली. आमच्या यादीत प्रत्येक कागदाचे अपोस्टील, भाषांतरावर नोटरी आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला, असे तीन खर्च होते आणि आमच्या बाबतीत तिन्ही अनावश्यक होते. तेथील इमिग्रेशन खाते या दाखल्यांना अपोस्टील मागत नाही. मराठी कागदाचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर लागते, पण त्यावर भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे आणि आपल्याला दोन्ही भाषा येत असल्याचे भाषांतरकाराचे सहीनिशी प्रमाणपत्र पुरते. चारित्र्याचा दाखला लागतो तो येथून, मुंबईच्या वकिलातीतून, स्थलांतराचा व्हिसा घेणाऱ्यांना. तेथेच राहून आय-४८५ भरणाऱ्यांकडून तो सहसा मागितला जात नाही. दोन वाटांना एकच यादी लावल्याने हे झाले. वकिलांचे पत्र दाखवल्यावर तिन्ही खर्च वजा केले, हे खरे. ज्याच्याकडे असे पत्र नसेल त्याने मात्र ते मुकाट्याने भरले असते.

याहून गंभीर गोष्ट वर्क परमिटची. सुनेचे कार्ड संपले असल्याचे ऐकून तेथील एका साहाय्यकाने ‘जुना अर्ज अडकला असेल, नवा टाकून देऊ’ असे सुचवले आणि २६० डॉलर शासकीय शुल्क अधिक कार्यालयाचा मोबदला असा हिशेब मांडला. ज्यांनी मुख्य अर्ज १ एप्रिल २०२४ पूर्वी शुल्कासह भरला आहे आणि जो अद्याप प्रलंबित आहे, त्यांना या नूतनीकरणाचे शुल्क लागतच नाही. शिवाय ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या अर्जांना ती ५४० दिवसांची मुदतवाढ मिळत नाही, म्हणजे या नव्या अर्जाने तिच्या पदरात काहीच पडले नसते. डिसेंबरपासून अशा कार्डांची मुदतही ५ वर्षांवरून १८ महिन्यांवर आली आहे. नियम इतक्या वेगाने बदलत असताना हा अर्ज चिपळुणात बसून भरण्याचा नाही. तो अर्जदाराने स्वतः किंवा तेथील वकिलानेच भरावा. मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून तो करता येतो, एवढे मुलांच्या कानावर घालून ठेवावे.

खर्चाचे म्हणाल तर वजावटीनंतर एकूण ७,८०० रुपये झाले. त्यांत दोन प्रतिज्ञापत्रांचे मुद्रांक आले. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा मुद्रांक जाऊन पाचशेचा आल्याने ही रक्कम आता जाणवते. पावती न मागता मिळाली. मूळ कागद त्यांनी एक रात्रही स्वतःकडे ठेवले नाहीत, समोर स्कॅन करून लगेच परत केले. जुलै २०२१ च्या पुरात तळमजल्यावरच्या जुन्या कार्यालयात कित्येकांच्या फायली भिजून गेल्या, तेव्हापासून हा नियम केल्याचे चालकांनी सांगितले. जिन्याच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून दिसते.

पाचपैकी साडेतीन गुण देते. जायचे असल्यास दुपारी दोननंतर जावे, सकाळी आखातात जाणाऱ्यांची गर्दी असते. चालक स्वतः असतील तेव्हाच काम सांगावे, आणि तेथील वकिलांची लेखी यादी आधी मागवून ती सोबत न्यावी. आमचे उत्तर बासष्टाव्या दिवशी पोचले असून त्यावरचा निर्णय अद्याप आलेला नाही.