स्मॅच: प्रोब फसल्यावर काय होतं ते दाखवणारं टूल

डिव्हाइस सापडलं की लिनक्स कर्नल ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन बोलावतो, काढताना रिमूव्ह. प्रोबमध्ये काही फसलं तरच चालणारा कोड, म्हणजे एरर पाथ, रोजच्या टेस्टिंगमध्ये चालतच नाही, कारण बोर्डावर क्लॉक आणि आयआरक्यू (इंटरप्ट लाइन) मिळतातच. डॅन कार्पेंटर यांचं स्मॅच हे स्टॅटिक अ‍ॅनालायझर (कोड न चालवता तपासणारं टूल) तोच न चाललेला कोड वाचतं. स्पार्स या कर्नलच्या सी कोड तपासणाऱ्या टूलवर बेतलेलं, ओपन सोर्स आणि फुकट.

एसक्यूलाइटची डेव्हलपमेंट लायब्ररी टाकून मेक कमांडने स्मॅच बिल्ड करा, कर्नल सोर्सच्या रूटमधून केचेकर स्क्रिप्टला ड्रायव्हरची फाइल द्या, झालं. खरी कटकट फंक्शन कॉलची माहिती साठवणाऱ्या डेटाबेसची. बिल्ड_कर्नल_डेटा स्क्रिप्टला काही तास लागतात, आणि एकदा चालवून भागत नाही. दर फेरीला फंक्शन कॉलची आणखी एक पायरी त्याला कळते. डेटाबेसशिवाय मिळणारा निकाल अर्धाच समजा.

दोन वॉर्निंगसाठी एवढा खटाटोप वसूल होतो. पहिली, 'मिसिंग एरर कोड': अ‍ॅलोकेशन फसलं, गोटोने शेवटच्या आवराआवरीकडे उडी मारली, पण रिटर्न होणारा ret व्हेरिएबल शून्यच, म्हणजे 'यशस्वी', राहिला. प्रोब यशस्वी झाला असं कर्नल धरून चालतो आणि नंतर रिमूव्हमध्ये ऊप्स (कर्नलचा क्रॅश) येतो. इथे डोळे झाकून मायनस ईइनव्हॅल (चुकीचं आर्ग्युमेंट) लिहू नका. मेमरी नसेल तर ईनोमेम, आणि खालच्या फंक्शनने कोड दिला असेल तर तोच वर पाठवा. ईप्रोब_डिफर ('नंतर पुन्हा प्रोब करा' सांगणारा कोड) गिळलात तर प्रोब पुन्हा होणारच नाही.

दुसरी, 'नॉट रिलीज्ड ऑन लाइन्स': क्लॉक चालू केल्यावर प्लॅटफॉर्म_गेट_आयआरक्यू फसलं आणि तिथूनच रिटर्न केलं. क्लॉक तसाच चालू. वॉर्निंग ओळ क्रमांकासकट येते, क्लॉक बंद करणाऱ्या ओळीकडे गोटो लावला की विषय संपला.

संपला असं स्मॅचला वाटतं. आयआरक्यू डेव्हएमने (घेतलेल्या गोष्टी आपोआप, उलट्या क्रमाने सोडणारी कर्नलची सोय) घेतलेला असेल, तर तो रिमूव्ह संपल्यावर सुटतो. तुम्ही क्लॉक आधीच बंद केलेला असतो. मधल्या वेळात इंटरप्ट हँडलरने डिव्हाइसचं रजिस्टर वाचलं, तर बऱ्याच एसओसीवर (एकाच चिपमधल्या सिस्टिमवर) बस अडकते. हा क्रम स्मॅच पकडत नाही. क्लॉकही डेव्हएम_क्लॉक_गेट_एनेबल्डने आणि आयआरक्यूच्या आधी घ्या, म्हणजे तो शेवटी बंद होतो. तपासायला कॉन्फिगमध्ये डीबग_एसएचआयआरक्यू चालू करून मॉड्यूल काढा: शेअर्ड (अनेक डिव्हाइसनी वाटून घेतलेला) आयआरक्यू सोडताना कर्नल मुद्दाम एकदा हँडलर बोलावतो.