प्लगमध्ये लावायचा वीज-मीटर: कोणत्या उपकरणाला लावावा, कोणत्याला लावू नये

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये आधी हा मीटर खोचायचा आणि त्याच्या तोंडावरच्या सॉकेटमध्ये फ्रिजची, इस्त्रीची किंवा गिझरची पिन. जोडणी एवढीच, वायरमन लागत नाही. छोट्या पडद्यावर व्होल्ट, अँपिअर, वॅट, पॉवर फॅक्टर, किती वेळ झाला आणि तेवढ्या वेळात किती युनिट जळले हे आळीपाळीने दिसतं. ऑनलाइन बाजारात असे मीटर अनेक नावांनी मिळतात. इथे विचार केला आहे तो १६ अँपिअरच्या, पडदा असलेल्या, वायफाय नसलेल्या साध्या मीटरचा. वस्तू घेण्यासारखी आहे. मात्र ती घरातल्या मोजक्या उपकरणांसाठीच कामाची आहे, आणि तिच्यावरचा चुकीचा आकडा वाचला तर फसगत होते.

पडद्यावर सगळ्यात ठळक आकडा वॅटचा असतो आणि बहुतेकांची नजर तिथेच खिळते. बिल वॅटचं येत नाही, युनिटचं येतं. १००० वॅटचं उपकरण सलग एक तास चाललं की १ युनिट. म्हणजे वॅट गुणिले तास, भागिले १०००. २००० वॅटचा गिझर बघून छाती दडपते, पण १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला त्याला अठरा-एकोणीस मिनिटं पुरतात आणि खर्च होतो साधारण ०.६ युनिट. टीव्हीखाली दिवसरात्र दिवा लावून बसलेला सेट-टॉप बॉक्स १० वॅटच घेतो. पण महिन्याचे ७२० तास धरले तर ते ७.२ युनिट झाले. गिझर बारा वेळा तापवण्याइतके! म्हणून मीटर लावल्यावर बटण दाबून युनिटच्या पानावर या आणि तिथेच राहा.

पंखा आणि दिव्यासाठी हा मीटर लागतच नाही. ते चालू असेपर्यंत एकसारखे वॅट घेतात, त्यामुळे खोक्यावरचा आकडा आणि तास यांचा गुणाकार पुरतो. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा, रोज १२ तास, महिना ३० दिवस: २७ युनिट. बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा तेवढ्याच वेळाला ३० वॅटने १०.८ युनिट घेतो. मीटरची खरी गरज पडते ती स्वतःहून चालू-बंद होणाऱ्या उपकरणांना, कारण त्यांच्या पाटीवरचे वॅट कितीही खरे असले तरी तास कोणालाच सांगता येत नाहीत.

त्यातला पहिला मान फ्रिजचा. जुन्या पद्धतीच्या फ्रिजचा कॉम्प्रेसर काही मिनिटं चालतो, मग थांबतो. चालू असताना शंभराच्या आसपास वॅट, थांबल्यावर जवळपास शून्य. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर कमी वॅटवर लांबच्या लांब चालत राहतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये तर बर्फ वितळवणारा हीटर अधूनमधून लागतो आणि तेवढ्यापुरते वॅट एकदम उडी मारतात. तेव्हा पाच मिनिटं पडद्याकडे बघून काढलेला निष्कर्ष कवडीमोलाचा. मीटर शून्यावर आणा, निदान २४ तास आणि शक्य असेल तर ७२ तास तसाच राहू द्या, घरात नेहमीसारखी उघडझाप होऊ द्या. मग युनिट भागिले दिवस.

हा आकडा कशाशी ताडून बघायचा? फ्रिजच्या दारावरच्या स्टार लेबलवर वर्षाचे युनिट छापलेले असतात. समजा २५० आहेत, तर दिवसाला ०.६८ युनिट. लेबलची चाचणी ठरावीक तापमानात होते. उन्हाळ्यातल्या आपल्या स्वयंपाकघरात, दिवसातून पन्नास वेळा दार उघडताना, ०.८ किंवा ०.९ आले तर घाबरायचं कारण नाही. १.२ च्या वर गेले तर मात्र शोध घ्या. कागदाचा तुकडा दारात धरून दार लावा. तो सहज ओढून निघाला तर रबरी गॅस्केट सैल झालं आहे. फ्रिज भिंतीला चिकटला आहे का, मागच्या जाळीवर धूळ-तेलाचा थर आहे का, थंडीची खुंटी उगाच शेवटच्या आकड्यावर आहे का, हे बघा. एकेक गोष्ट सुधारून दर वेळी पुन्हा २४ तास मोजलंत तर नेमकं काय बिघडलं होतं ते आकड्यातच दिसतं. एवढ्या एका कामासाठीसुद्धा मीटरचे पैसे वसूल होतात.

इस्त्रीचंही तसंच. १००० वॅटची इस्त्री तासभर वापरली म्हणून १ युनिट होत नाही. थर्मोस्टॅट तिला मधूनमधून बंद ठेवतो, त्यामुळे सुती कपड्यांना जास्त आणि सिंथेटिकला कमी युनिट लागतात. इंडक्शन शेगडी मंद आचेवर ठेवली की अनेक मॉडेल काही सेकंद जोरात चालतात आणि काही सेकंद थांबतात. पडद्यावरचे वॅट नाचतात तो बिघाड नसतो. घरघंटीवर १ एचपी लिहिलेलं असतं. ते ७४६ वॅट मोटरच्या दांड्यावर मिळणारे आहेत, बोर्डातून ओढले जातात हजाराच्या आसपास.

रुपयांचं पान मात्र जपून वापरा. मीटरमध्ये युनिटचा एकच दर भरता येतो आणि महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. १०० च्या वर गेलं की सगळेच युनिट महाग दराने लागतात, हा समज चुकीचा आहे. वरच्या टप्प्याचा दर त्या टप्प्यात पडलेल्या युनिटांनाच लागतो. बचत होते ती शेवटून, म्हणजे सर्वांत वरच्या टप्प्यातून. म्हणून एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर भरू नका. आपल्या सर्वांत वरच्या टप्प्याचा वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन आकार हे प्रत्येक युनिटमागचे दर एकत्र करा आणि त्यावर १६ टक्के वीज शुल्क चढवा. बेरीज १२ रुपये आली असेल, तर भरायचा दर १३.९२. स्थिर आकार यात धरायचा नाही, उपकरण बंद ठेवलं तरी तो द्यावाच लागतो.

आता दोष. पहिला आणि गंभीर दोष पिनेच्या पकडीचा. यातल्या बऱ्याच मीटरवर कुठल्याही देशाची पिन बसेल असं मोठ्या भोकांचं सॉकेट असतं. सगळ्यांना जागा देण्याच्या नादात ते आपल्या जाड १६ अँपिअर पिनेला घट्ट धरत नाही. ढिल्या जागी ०.१ ओहमचा अडथळा आला आणि ९ अँपिअरचा गिझर चालू असला, तर तिथेच ८ वॅट उष्णता तयार होते. नखाएवढ्या जागेत ८ वॅट म्हणजे प्लास्टिक पिवळं पडून वितळायला पुरेसं. गिझर दहा मिनिटं चालवा, बटण बंद करा, पिन काढून पितळी दांड्याला बोट लावा. कोमट चालेल, चटका बसला तर तो मीटर जड लोडला लावू नका. ६ अँपिअरच्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून त्यावर हा मीटर आणि पुढे गिझर, ही रचना तर कधीच करू नये. तशी जोडणी फक्त राउटर, टीव्ही, चार्जर यांच्यापुरती.

दुसरा दोष बारीक लोडचा. दोन-तीन वॅटच्या खालचं मोजमाप भरवशाचं नसतं. भिंतीला नुसता लटकलेला मोबाइल चार्जर शून्य दाखवेल, म्हणून तो काहीच घेत नाही असं नाही. तिसरा, वीज जाण्याचा. काही मॉडेलमध्ये साठलेले युनिट जपायला आत छोटी बॅटरी असते. ती उतरली की वीज गेली रे गेली, दोन दिवसांची मोजणी पुसली जाते. घेतल्याबरोबर एकदा मुद्दाम सॉकेटमधून काढून, तासाभराने परत लावून आकडा टिकतो का ते बघा.

वॅट कमी दिसले म्हणून मात्र मीटरला दोष देऊ नका, आधी व्होल्टचं पान बघा. हीटरचे वॅट व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. २३० व्होल्टला २००० वॅट घेणारा गिझर संध्याकाळी २०० व्होल्ट आले की १५०० च्या आसपास घेतो. पाणी तापायला वेळ जास्त लागतो, युनिट मात्र जवळपास तेवढेच. तसंच व्होल्ट गुणिले अँपिअर केलं की वॅट येतीलच असंही नाही. त्या गुणाकारातला जितका हिस्सा खरे वॅट असतो, तो पॉवर फॅक्टर. स्वस्त एलईडी दिव्यात तो ०.५ पर्यंत खाली असतो. घरगुती बिल किलोवॅट-तासांवर, म्हणजे युनिटवर येतं, तेव्हा वॅटच धरा.

एसीला हा मीटर लावू नका. बहुतेक एसीची जोडणी वेगळ्या एमसीबीवर (जादा करंट आला की आपोआप पडणाऱ्या बटणावर) असते आणि तासन्‌तास जड लोड ढिल्या पकडीवर नको. पाण्याच्या पंपालाही नको, मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कित्येक पट करंट घेते. या दोघांसाठी घराचा मुख्य मीटर आहेच. त्यावर ३२०० इम्प (इम्पल्स, म्हणजे दिव्याची लुकलुक) असं काही लिहिलेलं असेल, तर लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की १ युनिट. बाकी सगळे एमसीबी पाडून फक्त पंप चालवा. १५ सेकंदांत १० वेळा लुकलुकला तर ७५० वॅट.

हीच युक्ती नव्या प्लग-मीटरची परीक्षा घ्यायला वापरता येते. इस्त्री किंवा फ्रिज नको, ते मध्येच बंद होतात. बादलीत बुडवायचा १००० वॅटचा रॉड घ्या आणि तो चालू असताना पाण्याला हात लावू नका. मुख्य मीटरचा दिवा एका मिनिटात ५३ वेळा लुकलुकला, तर साधारण ९९० वॅट. प्लग-मीटरवर ९७० ते १०१० च्या दरम्यान काही दिसलं तर ठेवून घ्या. फरक त्याहून मोठा असेल, तर दुसरा कुठलाही लोड चालू राहिला नाही ना हे बघून परत मोजा, आणि तरीही जुळलं नाही तर परत करायची मुदत संपायच्या आत पाठवून द्या.