क्लिअरफिल एसई बाँड: आठ वर्षांच्या वापरानंतरचे मत

दातात फिलिंग धरून ठेवणाऱ्या बाँडिंगविषयी पहिल्या महिन्यात मत देऊ नये, कारण तेव्हा सगळीच बाँडिंग चांगली वाटतात. कुराराय या जपानी कंपनीचे क्लिअरफिल एसई बाँड बाजारात 1999 पासून आहे. मी ते सलग आठ वर्षे वापरले आणि मगच हे लिहायला घेतले. माझा दवाखाना रत्नागिरी जिल्ह्यात आहे. वर्षानुवर्षे मशेरी लावून किंवा कडक ब्रश आडवा घासून हिरडीलगत पाचरीसारखी खाच पडलेले दात माझ्याकडे रोज येतात. अशा उथळ खाचेत फिलिंगला अडकून राहायला कोपरा नसतो, ते केवळ बाँडिंगच्या जोरावर टिकते, त्यामुळे बाँडिंगची परीक्षा पाहायची तर ती इथेच.

यापूर्वी मी सगळे घटक एकाच बाटलीत असलेले एक बाँडिंग वापरत असे. त्याचे नाव इथे घेत नाही. त्याच्या माहितीपत्रकात चिकटण्याची ताकद ठळक आकड्यात छापलेली होती आणि पहिल्या वर्षी तक्रारही येत नसे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मात्र एखाद्या आजी रुमालाची गाठ सोडून अख्खे फिलिंग माझ्या हातावर ठेवत. त्याची आतली बाजू गुळगुळीत असे, म्हणजे फिलिंग तुटलेले नसे, जोडच सुटलेला असे.

याचे कारण पाणी. एनॅमल, म्हणजे दाताचे बाहेरचे कठीण आवरण, जवळजवळ संपूर्ण खनिजाचे असते. मायकेल ब्युओनोकोर यांनी 1955 मध्ये फॉस्फरिक आम्लाने ते खडबडीत करून त्यावर रेझिन, म्हणजे घट्ट होणारे प्लास्टिक, चिकटवून दाखवले, आणि तिथल्या जोडाची काळजी तेव्हापासून बरीच कमी झाली. त्याखालच्या थराचे, म्हणजे डेंटिनचे, तसे नाही. त्याच्या सूक्ष्म नलिकांमधून ओलावा सतत वर येत असतो आणि त्यात खनिजाबरोबर कोलॅजेनचे तंतूही असतात. आम्लाने खनिज काढून टाकल्यावर रेझिन तळापर्यंत झिरपले नाही, तर उघडे राहिलेले तंतू दाताचीच एमएमपी नावाची विकरे (एन्झाइम) हळूहळू कुरतडतात, आणि पाणी शोषलेले रेझिनही वर्षागणिक कमकुवत होत जाते. पहिल्या दिवशी मोजलेल्या ताकदीत यातले काहीच दिसत नाही.

क्लिअरफिल एसईच्या दोन बाटल्या असतात. पहिलीतला प्रायमर, म्हणजे आधी लावायचा द्रव, सौम्य आम्लधर्मी आहे; तो डेंटिनचे खनिज पूर्ण न काढता थोडेसेच विरघळवतो, आणि त्यातला 10-एमडीपी हा रेणू उरलेल्या खनिजातील कॅल्शियमशी रासायनिक बंध करून पाण्यात सहजी न विरघळणारा क्षार तयार करतो. त्यावर दुसऱ्या बाटलीतला, तुलनेने कमी पाणी धरणारा थर बसतो. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील संशोधकांनी हिरडीलगतच्या खाचांमध्ये याच बाँडिंगने केलेल्या फिलिंगचा 13 वर्षे पाठपुरावा केला, आणि त्यात निखळलेली फिलिंग अगदी मोजकी निघाली. माझा अनुभव इतका शिस्तीने नोंदलेला नाही, पण त्याच्याशी जुळणारा आहे.

उणिवा आहेत. सौम्य प्रायमर एनॅमलवर, विशेषतः यंत्राने न घासलेल्या एनॅमलवर, पुरेसा खोल जात नाही आणि काही काळाने कडा डागाळतात. म्हणून एनॅमलच्या कडेपुरते 37 टक्के फॉस्फरिक आम्ल 15 सेकंद लावून धुवावे. ते डेंटिनवर ओघळू देऊ नये, नाहीतर एमडीपीला बांधायला खनिजच उरत नाही. प्रायमर लावून 20 सेकंद थांबणे घाईच्या दिवशी जिवावर येते. माझी मदतनीस ते सेकंद मोठ्याने मोजते, आणि खरे सांगायचे तर ती मोजते म्हणूनच मी थांबतो. त्यानंतर हवेने प्रायमर नीट सुकवावा लागतो. पावसाळ्यात कंप्रेसरच्या टाकीत पाणी साचते, आणि ती रोज सकाळी रिकामी केली नाही तर आपण दात सुकवत नसून त्यावर तुषार मारत असतो.

किंमत चढी आहे. बाटल्या जेमतेम पाच-सहा मिलिलिटरच्या आहेत आणि आमच्याकडे उन्हाळ्यात त्या फ्रिजमध्येच ठेवाव्या लागतात. खेड्यातल्या दवाखान्याला हे परवडते का, असे मला सहकारी विचारतात. निखळलेले फिलिंग मी पुन्हा फुकट बसवून देतो, त्यामुळे मला तरी हेच स्वस्त पडले.

मागच्या महिन्यात सुरुवातीच्या काळातल्या एक रुग्ण आल्या. तेव्हा मी एनॅमलला वेगळे आम्ल लावत नसे. त्यांच्या वरच्या उपदाढेतल्या फिलिंगभोवती मशेरीची बारीक तपकिरी रेघ उमटली होती, तीही फक्त एनॅमलच्या बाजूला. पॉलिशिंग डिस्कने ती निघाली. हिरडीकडच्या बाजूने मी एक्सप्लोररचे, म्हणजे दात तपासायच्या अणकुचीदार सळईचे, टोक दोनदा फिरवले, पण ते कुठेच अडकले नाही.